उजव्या पायाचा गिअर

वाचकहो, कौटुंबिक पानावर मोटारसायकलीची हकीकत कशाला, असे आपणास वाटेल. पण आमच्या घरातली गाडी ही घरातल्या माणसासारखीच आहे. ती रुसते, अडून बसते, महिन्याच्या अखेरीस हमखास खर्च काढते. आणि त्या गाडीपायी, खरे म्हणजे माझ्या पायापायी, माझी आई सतरा महिने माझ्यामागे बसली नव्हती. एका घरात राहून, एका चुलीवरचे जेवून, आईचा आपल्यावर एका बाबतीत भरवसा उरलेला नाही हे रोज जाणवत राहणे काय असते, ते मी त्या सतरा महिन्यांत अनुभवले.

गाडी बुलेट आहे. १९७४ सालची, ३५० सीसीची. ती माझ्या मामांची. मामा एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर होते. १९८१ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या साली, त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून ही गाडी जुनी विकत घेतली आणि चाळीस वर्षे वापरली. २०२२ साली त्यांच्या गुडघ्याने किक मारायला नकार दिला, तेव्हा त्यांनी गाडी साताऱ्याला आणून माझ्या दारात उभी केली. किल्ली माझ्या हातात देताना एवढेच म्हणाले, “गाडी जुनी हाय. तिच्यासंगं घाई करू नगंस.”

मी मान डोलावली. पण ऐकले नाही.

बुलेटची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली. आपल्या लष्कराला सीमेवर गस्त घालण्यासाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्यातून ही गाडी इकडे आली. सुरुवातीला इंग्लंडातल्या रेडिच गावच्या कारखान्यातून सुटे भाग येत आणि मद्रासला जोडले जात. पुढे सगळेच इथे तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० साली मूळ कंपनीचे उत्पादनही थांबले. पण मद्रासची गाडी चालूच राहिली, आणि तिच्याबरोबर जुनी इंग्रजी पद्धतही राहिली. ती पद्धत म्हणजे उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक.

जगात इतरत्र हे उलटे होत गेले. अमेरिकेने तर १९७४ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांना गिअर डावीकडे आणि पायाचा ब्रेक उजवीकडे असा नियमच केला. आपल्याकडे १९८० नंतर ज्या जपानी बनावटीच्या १०० सीसी गाड्या आल्या, त्यांचाही गिअर डाव्या पायाला होता. माझी पिढी त्याच गाड्यांवर शिकली. पुढे बुलेटचा गिअरही डाव्या पायाला आला. पण आमची १९७४ सालची. तिला नव्या रिवाजाचा वाराही लागलेला नाही.

मी एका कार्यालयात कारकून आहे. सकाळी दहा ते सहा कागद, आणि सहानंतर पुन्हा कागदच. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचे रेशनकार्ड, कोणाची विधवा पेन्शन. त्या धावपळीसाठी माझी १०० सीसीची गाडी होतीच. वीस-बावीस वर्षे तिच्यावर काढली. डावा पाय गिअर, उजवा पाय ब्रेक. हे इतके अंगात मुरलेले की पाय आपणहून काम करत, डोक्याला विचारत नसत. बुलेट दारात आली तेव्हा मी आठवडाभर कार्यालयाला जुनी गाडी आणि रविवारी मिरवायला बुलेट असा क्रम लावला. चूक तिथेच झाली.

जून २०२३. पहिला पाऊस होऊन गेला होता. आईला तिच्या माहेरी, म्हणजे मामांच्याच गावी, सोडायला निघालो. आईचे वय तेव्हा सत्तर. मागे एका अंगाला पाय टाकून बसली होती, मांडीवर पिशवी. हेल्मेट माझ्या डोक्यावर होते, तिच्या नव्हते. हे लिहिताना आजही मान खाली जाते. गावाच्या अलीकडे तिसऱ्या गिअरवर होतो. वळणावर एक शेळी आडवी आली.

डोक्याने म्हटले ब्रेक. उजवा पाय धाडकन खाली गेला.

पण उजव्या पायाखाली ब्रेक नव्हता, गिअर होता. या गाडीचा पहिला गिअर वर आणि दुसरा, तिसरा, चौथा खाली. माझ्या पायाने गाडीला थांबवण्याऐवजी चौथ्यात टाकले. तिसऱ्यात इंजिन गाडीला जी थोडी ओढ धरून होते, तीही सुटली. गाडी मोकळी धावू लागली. घाबरून हाताचा पुढचा ब्रेक आवळला. खाली ओली खडी. पुढचे चाक घसरले आणि आम्ही दोघे आडवे.

शेळी सुखरूप राहिली. माझा गुडघा सोलवटला. आईचे डावे मनगट मोडले.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या काळात तिने मला एका शब्दाने दुखावले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “त्येची काय चूक न्हाई, रस्त्यावर खडीच पडलीवती.” ती रागावली असती तर बरे झाले असते. माणूस रागावले की माफी मागायला जागा मिळते.

प्लास्टर निघाले. पुढच्या महिन्यात माहेरी जायची वेळ आली. मी गाडी पुसून दारात लावली. आई पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीकडे बघितले आणि म्हणाली, “तू हो पुढं. मी एस.टी.नं येते. मला अर्धं तिकीट हाय.” आणि चालू लागली. त्यानंतर दर खेपेला तेच. नवी गाडी काढली तरी तेच. बाजाराला जायचे असले तरी, “मी येते मागनं, पायी.” अर्ध्या तिकिटाची सवलत तिला खरोखरच होती. पण ती त्या सवलतीसाठी एस.टी.ने जात नव्हती, हे मलाही ठाऊक होते आणि तिलाही.

माझ्या मिसेसने सरळ सांगितले, “गाडी विकून टाका.” बुलेटला गिऱ्हाईक होतेच. पण मामांची गाडी मामा हयात असताना कशी विकायची? त्यांना विचारायला गेलो. सगळे सांगितले. मामा अंगणात बाजेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर विचारले, “गाडी विकल्यावर आक्का तुझ्या मागं बसंल का?”

मी गप्प.

“मग इकून उपेग काय? गाडी आत घे.”

त्या दिवाळीनंतर मामा डोळे तपासायच्या निमित्ताने आमच्याकडे आठ दिवस राहिले. मी जन्मापासून त्यांना ती गाडी चालवताना पाहिले होते. लहानपणी त्यांच्यापुढे टाकीवर बसून झोपलोही होतो. पण ती गाडी ते चालवतात कशी, हे मी कधी विचारलेच नव्हते.

पहिले तीन दिवस त्यांनी मला गाडीवर बसू दिले नाही. “आधी तिचं दुखणं बघू,” म्हणाले. “गिअर झटका देतो ती दर येळी पायाची चूक नसती.” आणि मग एकेक दुखणे काढले. क्लचची केबल इतकी ढिली की दांडी पुरती ओढली तरी आतल्या प्लेटा पूर्ण सुटत नव्हत्या. केबल ओढून घेतली आणि दांडीला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. मागची चेन लोंबत होती. चेन ढिली असली की मूठ सोडली-धरली की आधी चेन ताणते आणि मग चाक, त्यामुळे प्रत्येक गिअरला हिसका बसतो. मागच्या चाकाच्या आत रबराचे तुकडे असतात, ते हिसका गिळतात. ते झिजून पेढ्यासारखे झाले होते, नवे घातले. गिअरपेटीचे बाहेरचे झाकण काढले. तिथे पायाच्या दांडीची चाल अडवणारी एक पट्टी असते, दोन नटांवर थोडी पुढे-मागे सरकणारी. ती जागेवरून हलली होती. तेवढ्यामुळे गिअर अर्धवट पडत होता.

जुन्या बुलेटवाल्यांना खोटे न्यूट्रल माहीत असते. आपल्याला वाटते गिअर पडला, पण तो दोन गिअरांच्या मध्येच लटकतो. क्लच सोडून मूठ पिळावी तर इंजिन बोंबलते आणि गाडी जागच्या जागी. मागून ट्रक येत असला म्हणजे कळते की न्यूट्रल खोटे असले तरी भीती खरी असते.

मामांनी कागदावर चित्र काढून दाखवले. गिअरपेटीत चाकांचे दात एकमेकांत आधीपासूनच अडकलेले असतात. गिअर टाकला म्हणजे ती चाके नव्याने भिडत नाहीत. चाकांच्या बाजूला जाड गट्टू असतात, ते शेजारच्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतात, एवढेच. दोघांचा वेग जुळता असला तर गट्टू अलगद खाचेत जातो. वेग जुळता नसला तर आपटतो, घासतो, नाहीतर बाहेरच राहतो.

“धावत्या एस.टी.त चढतास न्हवं?” मामांनी विचारले. “कसा चढतास? हुबा ऱ्हाऊन दांडा धरलास तर हात निखळंल. तिच्याबरूबर दोन पावलं पळतास, मग पाय टाकतास. गिअरचं तसंच हाय. इंजनाला चाकाबरूबर दोन पावलं पळू दे.”

मी बी.कॉम. झालेला माणूस. यंत्रातले मला शून्य कळते. पण हे मला त्या बाजेवर बसून एका क्षणात कळले. धावत्या एस.टी.त चढण्यात माझा जन्म गेला होता.

चौथ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर लावून मला वर बसवले. सकाळी किक मारण्याआधी क्लच दाबून दोन-तीनदा किक नुसती फिरवायला लावली. रात्रभर उभ्या गाडीच्या क्लचप्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात. त्या सुट्या केल्या नाहीत तर पहिला गिअर टाकताच गाडी उडी मारते. मी वर्षभर दर रविवारी सकाळी ती उडी खात होतो आणि जुन्या गाडीला बोल लावत होतो.

मग गिअर चढवणे. चवडा आधी दांडीवर हलकेच टेकवून ठेवायचा. मूठ सोडायची, क्लच ओढायचा, दांडी खाली ढकलायची. हाणायची नाही. शेवटपर्यंत ढकलायची, आणि क्लच सुटेपर्यंत पाय काढायचा नाही. मी गिअर मारून पाय लगेच उचलत असे, त्यामुळेच तो अर्ध्यात लटके. आणि मधे थांबायचे. बुलेटच्या इंजिनात जड फ्लायव्हील असते, मूठ सोडली तरी ते लगेच मंदावत नाही. नव्या गाडीच्या घाईने गिअर टाकला तर इंजिन अजून वेगातच असते. “मनात येक, दोन म्हण,” मामा म्हणायचे. “जात्याला घास घालताना बाया हात आखडत्यात न्हवं, तेवढा येळ.”

गिअर उतरवणे त्याहून अवघड. तिथे इंजिनाचा वेग उलट वाढवावा लागतो. क्लच ओढून मूठ किंचित द्यायची, चवड्याने दांडी वर उचलायची, आणि क्लच हळू सोडायचा. मूठ दिली नाही तर मागचे चाक क्षणभर अडखळते आणि मागे बसलेले माणूस पुढे आपटते. मामा जुन्या एस.टी.च्या ड्रायव्हरांचे सांगत. त्या गाड्यांना डबल क्लच मारावा लागे. चांगल्या ड्रायव्हरच्या गाडीत झोपलेले लेकरू घाटातही जागे होत नसे. “ड्रायवर कसा हाय ते ड्रायवरला इचारू नये, मागच्या शिटावरल्या म्हातारीला इचारावं.”

थांबायचे झाले तर दुसऱ्या गिअरवर यायचे, क्लच दाबून टाचेने मागची छोटी दांडी दाबायची. त्या दांडीने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरवरून थेट न्यूट्रल होते. पहिल्यावरून होत नाही. पोवई नाक्यावर मी गेले वर्षभर पहिल्यावर थांबून न्यूट्रल शोधत चाचपडत असे आणि मागचे हॉर्न वाजवत.

राहिला ब्रेक. मामांनी त्यावर वेगळा उपाय केला नाही. म्हणाले, “दोन गाड्या येकदम चालवायच्या न्हाईत. पायाला दोन धनी चालत न्हाईत.” मी माझी १०० सीसीची गाडी पुतण्याला वापरायला दिली. कार्यालयाला बुलेट, तहसीलला बुलेट, दुधाला बुलेट. आणि गाडीवर बसले की किक मारण्याआधी डावा पाय तीनदा दाबायचा. ब्रेक इथे आहे, हे पायाला सांगायचे. सहकारी हसायचे. कारकुनाने बुलेटवर बसून आधी पूजा घातल्यासारखे पाय आपटावेत, याची त्यांना मौज वाटे.

आठवा दिवस रविवार होता. मामा म्हणाले, “चल, यवतेश्वरच्या घाटानं.” ते मागे बसले, हात मांडीवर ठेवून. चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यावर येताना मी तीनदा चुकलो, चौथ्यांदा बरे जमले. वर जाऊन थांबलो. खाली सातारा धुक्यात होता. मी विचारले, “मामा, तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला बेचाळीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

१९८१ साली त्यांच्या गावात मोजून दोन मोटारसायकली होत्या. तिसरी आली ती आपल्या वस्तीत. एस.टी.तल्या फिटरने, त्यातून आपल्यातल्या पोराने, बुलेट घ्यावी हे काहींना रुचले नाही. उघड कोणी बोलले नाही. पण गाडी चावडीपुढून जाऊ लागली की पारावरचे बोलणे थांबे आणि सगळ्या माना वळत. चावडीपुढे चढ आहे आणि चढावरच वळण. तिसऱ्यातून दुसऱ्यावर यावेच लागते. तिथे गाडी आचके देऊन बंद पडली तर हसायला माणसे तयार. मूठ पिळून दणदणत नेली तर माज आला म्हणायलाही तीच माणसे तयार.

“म्हंजे बंद पडायची न्हाई आन् बोंबलायची बी न्हाई,” मामा म्हणाले. “सहा म्हैने रातच्याला गावाभाईर माळाच्या चढावर त्यो येकच गिअर घोकला. तिसरा-दुसरा, तिसरा-दुसरा. मग दिवसा चावडीपुढनं गेलो. कुनी काय म्हनायला जागाच न्हाई ऱ्हायली.” थोडा वेळ थांबून पुढे म्हणाले, “पयल्यांदा गेलो तवा मागं तुझी आई बसलीवती. तू व्हतास पोटात.”

मी गाडीकडे पाहिले. मागची सीट तीच होती. कव्हर बदललेले.

मामा गावी गेले. जाताना एक काम लावून गेले. आम्ही रोज पहाटे दोन किलोमीटरवरच्या गोठ्यातून दूध आणतो. “किटली मागच्या शिटावर बांध,” ते म्हणाले, “आन् झाकण ढिलं ठेव.”

मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीची उरलेली पाने घेऊन मी खाते उघडले. आमचा धंदाच तो. रकाने पाडले: तारीख, झटके, खोटे न्यूट्रल, सांडलेले दूध. शेवटचा रकाना मिसेस भरत असे. तिची मापे तिची स्वतःची. पळीभर, वाटीभर, आणि एका वाईट दिवशी नुसतेच “चहा नाही”. पहिल्या आठवड्यात झटके एकोणीस, खोटी न्यूट्रल सहा. मी काही लपवले नाही. ज्याला रोज दुसऱ्यांच्या हिशेबाच्या चुका काढायच्या असतात, त्याने स्वतःचे खाते खोटे लिहू नये.

गाडी दारात आली की सांडलेल्या दुधाने सीट ओली असे. ती पुसायला आई फडके घेऊन बाहेर येई. दूध सुकले की कव्हर चिकट होते आणि मुंग्या लागतात म्हणून. मी बोलत नसे, तीही बोलत नसे. ज्या जागी ती बसायची त्या जागी किटली बांधलेली, आणि ती ती जागा रोज पुसायची.

महिने गेले. झटके एकोणिसाचे बारा झाले, बाराचे पाच. पावसाळ्यात पुन्हा वाढले, कारण ओल्या रस्त्यावर मी भिऊन क्लच उशिरा सोडत होतो. मामांना फोन केला. म्हणाले, “भ्यायचं तर मूठ द्यायला भी, क्लचला भिऊ नगं.” पुन्हा उतरले. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला पूर्ण आठवडा असा गेला की शेवटच्या रकान्यात मिसेसने सातही दिवस शून्य लिहिले.

याच सुमारास एका मित्राने सांगितले की गाडीला ५० वर्षे झाली, आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदव. केंद्र सरकारने २०२१ साली तसे नियम केले आहेत. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला तेवढी चालते. मी दर पाच वर्षांनी तपासणी करून साध्याच नोंदणीचे नूतनीकरण करायचे ठरवले. प्रदर्शनात उभी राहिलेली गाडी आईला माहेरी नेणार नव्हती.

नोव्हेंबर २०२४. एका शुक्रवारी सकाळी किटली घेऊन आलो. आई फडके घेऊन बाहेर आली. सीटवरून हात फिरवला. बोटे पाहिली. पुन्हा हात फिरवला.

“लई दिस झालं,” ती म्हणाली, “कोरडीच असती.”

“हो.”

ती फडके झटकून आत गेली. दुपारी मिसेसला विचारले म्हणे, “बायांच्या मापाचं हेल्मेट मिळतं का गं?”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आईने हेल्मेट घातले, पट्टा मी लावला. ती एका अंगाला बसली, पिशवी मांडीवर. मी डावा पाय तीनदा दाबला. ते तिने पाहिले असावे. क्लच दाबून किक फिरवली, मग एका किकला गाडी चालू झाली. पहिला गिअर वर. उडी नाही. मनात एक, दोन. दुसरा. एक, दोन. तिसरा.

माहुलीच्या पुलापर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. बोटे रुतलेली. मी चाळीसच्या वर गेलो नाही. पुलावर कृष्णेचा गार वारा आला. कोरेगावच्या रस्त्याला लागल्यावर केव्हातरी हात सैल झाला, केव्हा ते मला सांगता येणार नाही. ती मागून बोलू लागली. कोणाच्या शेतात घेवडा आहे, कोणी विहीर काढली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले. दीड वर्षाचे साठलेले बोलणे होते.

जिथे पडलो होतो ते वळण आले. दोघेही गप्प झालो. वळण गेले.

मग गाव. वेशीतून आत शिरलो. पुढे चढ, चढावर वळण, तिथे चावडी. आता तिथे ग्रामपंचायतीची फरशी बसवलेली इमारत आहे. पारावर दोन म्हातारे आणि मोबाइलमध्ये मान घातलेली चार पोरे होती. मूठ सोडली, क्लच ओढला, मूठ किंचित दिली, दांडी वर उचलली, क्लच सोडला. तिसऱ्यातून दुसरा. पोरांनी मान वर केली नाही. म्हाताऱ्यांपैकी एकाने आईला ओळखून हात हलवला.

मामांच्या अंगणात गाडी थांबवली. आई उतरली, हेल्मेट काढून केस सारखे केले आणि मागे वळून पाहिले.

“चावडी गेली का?”

“गेली की.”

“कळलंच न्हाई,” ती म्हणाली आणि आत गेली.

मामा बाजेवर बसले होते. त्यांनी ते ऐकले. मला काही म्हणाले नाहीत. फक्त बाजेवर सरकून जागा केली.

रात्री घरी येऊन वही उघडली. झटके: एक, कोरेगावच्या चौकात, रिक्षा आडवी आली तेव्हा. खोटे न्यूट्रल: नाही. शेवटच्या रकान्यात काय लिहावे ते मला सुचेना, म्हणून वही मिसेसपुढे सरकवली. तिने पेन घेतले आणि तिच्या नेहमीच्या अक्षरात शून्य लिहिले.